दोन सरळ मोजपट्ट्या

बुधवार, १२ फेब्रुवारी १९७५, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. टेबलावर काचपट्ट्या अकरा. पुण्यातल्या एका संशोधनसंस्थेत हिंदुराव घुले यांनी पहिली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, वहीत लिहिल्याप्रमाणे आडवी मोजपट्टी ४२.६ वर आणि उभी १०८.३ वर आणली, डोळा लावला, आणि त्यांना काहीच दिसले नाही.

तिथे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या कोळशातली बुरशी असायला हवी होती. केसाच्या जाडीत मावेल एवढी, चार खणांची, बाभळीच्या शेंगेसारखी. कुणी न नोंदवलेल्या अशा अकरा जाती हिंदुरावांनी नऊ वर्षे खपून शोधल्या होत्या, त्यांची वर्णने लिहून वर्गवारी लावली होती. एवढीशी वस्तू पुन्हा सापडावी म्हणून ती जिथे दिसली तिथले दोन आकडे वहीत टिपून ठेवायचे, ही रीत. दुपारी चार वाजता नागपूरहून परीक्षक येणार होते. त्यांनी अकराही नमुने स्वतः पाहिले तर ग्रंथ छापला जाणार. नाहीतर मे महिन्यात हिंदुराव निवृत्त होणार आणि हस्तलिखित कपाटात जाणार. सकाळी हडपसरच्या घरी डबा हातात देताना पत्नी शकूबाई म्हणाल्याच होत्या, "आज तरी निकाल लागंल का? आमच्या भाकरीला बुरशी आली तर आम्ही टाकून देतो. तुम्ही नऊ वर्सं जपताय."

दुसऱ्या काचपट्टीची नेमकी जागा रिकामी, तिसरीचीही. अकरावी पाहून झाल्यावर हिंदुरावांनी सहायिका मंदाकिनीबाई आपटे यांना, काचपट्ट्यांचा अनुक्रम बदलला का, असे शक्य तितक्या सौम्यपणे विचारले.

"अनुक्रम बदलला असता तर एकीतली बुरशी दुसरीत सापडली असती," बाई म्हणाल्या. "एकीतही काही नाही. म्हणजे आपला आरोप अकरा वेळा चुकला."

मग हिंदुरावांनी दुसरी शंका काढली. काचेखालचा डिंक उन्हाने पातळ होऊन बुरशी वाहून तर गेली नसेल?

"पाच कोटी वर्षं जागची हलली नाही, ती या आठवड्यात फिरायला निघाली?"

परीक्षकांची क्षमा मागणारे पत्र हिंदुरावांनी लिहायला घेतले. तारीख टाकून होते तोच बाईंनी विचारले, की गेल्या आठवड्यात स्क्रू अडकला म्हणून सूक्ष्मदर्शक कसबा पेठेत गेला होता ना? हिंदुरावांनी पेन तसेच उघडे टाकले आणि सायकल काढली.

शमशुद्दीन हा कसबा पेठेतला जुना यंत्रदुरुस्ती कारागीर. हिंदुरावांना पाहून तो खुशीत आला.

"साहेब, स्क्रू तर केलाच. पण दोन्ही पट्ट्या सरकलेल्या होत्या. सरळ करून घट्ट बसवल्या. त्याचं काही घेतलं नाही."

नऊ वर्षांचे सगळे आकडे त्या सरकलेल्या पट्ट्यांवरचे होते. त्यांनी विनवले, की पट्ट्या होत्या तशा वाकड्या करून दे.

"ते माझ्याकडून होणार नाही. नीट केलेलं काम मी बिघडवत नाही. वाकडं पाहिजे असेल तर दुसरा माणूस बघा."

"निदान किती सरकल्या होत्या ते तरी सांग."

"जुन्या जागेवर मळाची रेघ होती," शमशुद्दीन अभिमानाने म्हणाला. "ती पण पुसली."

आता एकच मार्ग उरला होता. एक बुरशी शोधून काढायची, तिचे नवे आकडे जुन्यांशी ताडायचे. जो फरक निघेल तोच सगळ्यांना लावायचा. पहिली काचपट्टी कडेपासून, शेत नांगरावे तशी ओळीने पाहायची ठरली. दहा मिनिटे हिंदुराव, दहा मिनिटे बाई. डबा उघडलाच नाही. दीड वाजता बाई म्हणाल्या, "सापडली. पण ही आपली नव्हे."

हिंदुरावांनी पाहिले. सात खणांची बुरशी, शेवटचा खण एका बाजूला वाकलेला. वहीत ती नव्हती, आणि आजवर वाचलेल्या एकाही वर्णनात बसत नव्हती. नऊ वर्षांपूर्वी पहिली जात सापडताच त्यांनी ही काचपट्टी बाजूला ठेवली होती. हा कोपरा कधी पाहिलाच नव्हता. त्यांनी आकडे टिपले आणि पुढची ओळ धरली.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी बाभळीची शेंग दिसली. आडवा फरक ३.४, उभा १.९. तोच फरक लावून दुसरी काचपट्टी पाहिली. बुरशी जागेवर होती. तिसरीतलीही.

परीक्षकांनी अकराही नमुने पाहिले, वहीतले आणि पट्टीवरचे आकडे जुळत नाहीत हेही पाहिले, आणि चष्मा काढला. हिंदुरावांनी घडले ते सगळे सांगून टाकले.

"माझ्या मायक्रोस्कोपच्या पट्ट्या," परीक्षक म्हणाले, "अठरा वर्षांत कुणी तपासलेल्या नाहीत. या कारागिराचा पत्ता द्या."

शनिवारी हिंदुराव पुन्हा कसबा पेठेत गेले. नव्या जातीला शमशुद्दीनचे नाव द्यायचे ठरले होते.

"बुरशीला?" त्याने हातातला स्क्रू खाली ठेवला. "बरं. पण सरळ आहे ना?"

"शेवटाला जरा वाकलेली आहे."

शमशुद्दीनने विचार केला. "मग तिला माझ्याकडे आणू नका," तो म्हणाला. "सरळ करून टाकीन."

ग्रंथात छापलेल्या नव्या जाती: बारा.