तीन वर्षांची गाडी

"गाडी कशी घ्यायची, हे बान जोंग-गूला कुणी शिकवायचं नाही!"

हे स्वतः बान जोंग-गूनेच जेवताना जाहीर केलं. ऐकायला समोर एकटी बायको होती, तरी आवाज भरसभेतला.

तसा त्याला अधिकार होता म्हणा. उल्सानच्या मोटार कारखान्यात तो जन्मभर रंगतपासनीस होता. नव्याकोऱ्या गाडीवरून नुसता अंगठा फिरवायचा आणि केसाएवढा ओरखडा शोधून काढायचा. स्वतः मात्र डबीएवढ्या पांढऱ्या गाडीत गुडघे पोटाशी घेऊन फिरला. आता निवृत्त झाला, हातात फंड आला आणि त्याने ठरवलं: काळी, उंच, जर्मन एसयूव्ही! नवी परवडणारी नव्हती, म्हणून वापरलेली. पण विकत! आपल्या मालकीची!

"विकत कशाला?" मी-रान सोयाबीनच्या मोडांची शेपटं खुडत म्हणाली. "लीजवर घ्या. तीन वर्षं पुष्कळ झाली."

"आणि तीन वर्षांनंतर?"

"त्याच्यापुढे तुम्हाला कशाला लागतेय गाडी?"

जोंग-गूने तोंडाशी नेलेला घास परत खाली ठेवला. भाड्याच्या वस्तूला नाक मुरडणारी बाई ही! मुलीच्या लग्नात सगळ्या बायका भाड्याचे पारंपरिक हानबोक झगे घालून आल्या, हिने हट्टाने शिवून घेतला होता. ती लीज म्हणते? आणि त्याच्यापुढे कशाला, म्हणजे काय?

त्याने मुलीला फोन लावला.

"लीजच बरी बाबा," यू-रिम म्हणाली. मग जरा थांबून, "आई काही बोलली का तुमच्याशी?"

"कशाबद्दल?"

"काही नाही. जेवलात ना? नीट जेवत जा हं, बाबा!"

ज्या मुलीने आजवर फोनवर 'हं' आणि 'बरं' याच्यापलीकडे बापाला काही दिलं नव्हतं, ती नीट जेवायला सांगत होती! जेवण म्हटलं की पोट आलंच. आणि पोट म्हटल्यावर जोंग-गूला एकदम आठवलं. नुकतीच दोघांची आरोग्य तपासणी झाली होती. घशातून नळी घालून डॉक्टरांनी त्याचं पोट बघितलं होतं. निकाल मी-रानच्या फोनवर आला होता, कारण याला ते ॲप उघडत नव्हतं.

"माझा रिपोर्ट काय म्हणतो गं?"

"चांगला आहे," ती म्हणाली. इतकं पटकन, की त्याला दरदरून घाम फुटला.

शिक्कामोर्तब दुसऱ्या दिवशी झालं. मी-रान न्हाणीघरात कपडे घुसळत थोरल्या बहिणीशी फोनवर बोलत होती आणि हा दाराला घोरपडीसारखा चिकटला होता.

"अजून नाही सांगितलं गं, ताई. धक्का बसेल त्यांना. एवढी गाडीची हौस होऊन जाऊ दे."

संपलं! जोंग-गू कॉटवर जाऊन पडला आणि छताकडे बघत राहिला. तीन वर्षं. म्हणजे पहिलं बरं जाणार, दुसरं औषधात, तिसरं विचारायलाच नको.

त्यानंतर माणूस ओळखू येईना. सोजू दारूची बाटली त्याने स्वतःच्या हाताने मोरीत रिकामी केली. पावलांच्या आवाजावरून ज्या खालच्या शेजाऱ्याशी वर्षानुवर्षं हाडवैर होतं, त्याच्या दारात जाऊन आपल्या मासेमारीच्या काठ्या देऊन आला. "ठेवा. आता वरून आवाज येणार नाही," असंही म्हणाला. शेजाऱ्याने घाबरून आतून दोन कड्या लावल्या!

शनिवारी नवराबायको जुन्या गाड्यांच्या बाजारात गेले. प्यो नावाचा दलाल काळ्या एसयूव्हीजवळ उभा होता. गाडी अशी चकाकत होती, की जोंग-गूचा अंगठा आपोआप पुढे झाला. पण त्याने तो मागे घेतला. आता कुणाचे ओरखडे शोधायचे!

"विकत की लीज, साहेब?"

"लीज." आवाज विहिरीतून आल्यासारखा. "जास्तीत जास्त किती मिळेल हो?"

"पाच वर्षं."

"पाच!" जोंग-गूने त्याचे दोन्ही हात धरले. "खरंच पाच? ही म्हणते तीनच!"

"पण साहेब, मुदत संपली की जशी दिली तशी परत करावी लागते. पोचे आलेले चालत नाहीत."

"सगळ्यांनाच परत करावी लागते, बाळा," जोंग-गू म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. एवढं मन लावून नियम ऐकणारं गिऱ्हाईक प्योला आजवर भेटलं नव्हतं. त्याने घाईघाईने किल्ली पुढे केली. "एक चक्कर मारून या. मी मागे बसतो."

गाडी नदीकाठच्या रस्त्याला लागली. लोण्यावरून सुरी जावी तशी. जोंग-गूने घसा साफ केला.

"मी गेल्यावर तू एकटी राहू नकोस."

"कुठे गेल्यावर?"

"वर."

"वर कुठे? सोलला?"

"अगं, मरणाबद्दल बोलतोय मी! सगळं कळलंय मला! पोटात काय निघालं ते सांगून टाक एकदा!"

"पोटात? थोडी ॲसिडिटी निघालीय. तिखट कमी खा म्हणालेत. तुम्ही कशाला मरताय? जायचंय ते मला!"

जोंग-गूने असा ब्रेक मारला, की प्यो फायलीसकट पुढच्या सीटवर आपटला.

"तुला? तुला काय झालंय?"

"काही झालेलं नाही. नामहे बेटावर जायचंय, ताईकडे. राहायला."

"किती दिवस?"

मी-रानने काचेतून बाहेर बघितलं. मागे प्योने श्वाससुद्धा बंद केला होता.

"घटस्फोट नाही म्हणत मी," ती हळूच म्हणाली. "कागद नाहीत, वकील नाही. तुमची चूल इथे, माझी तिथे. टीव्हीवर याला लग्नातून पदवी घेणं म्हणतात."

"तू पदवी घेतेस. आणि मी? नापास?"

ती हसली नाही. "कारखान्यातून यायचात आणि कपाटावरून अंगठा फिरवायचात. ताटावरून, इस्त्रीवरून. मुलीच्या प्रगतिपुस्तकावरूनसुद्धा. दमले हो मी."

जोंग-गूने गाडी कडेला घेतली. मरण टळलं होतं, पण आनंद कुठून आणायचा, ते त्याला सुचेना. काठ्या परत मागायच्या कशा, हा एक फालतू विचार मात्र डोक्यात येऊन गेला.

"मग लीजचं काय मध्येच?" त्याने विचारलं.

"तुमची नजर अधू होत चाललीय. माणूस दिसतो तुम्हाला, पण खांब दिसत नाही. शेजारी बसून 'सावकाश' म्हणायला मी नसणार. गाडी दारात राहिली तर तुम्ही ऐंशीपर्यंत चालवाल. तीन वर्षांनी ती न्यायला माणूस आला, की तुम्हाला निमूट द्यावी लागेल."

मागून प्यो अगदी दबक्या आवाजात म्हणाला, "तीन वर्षांचीच करू का, साहेब?"

"करा," जोंग-गू म्हणाला.

वसंत लागल्यावर त्या गाडीने पहिला लांबचा प्रवास केला, तो मी-रानचं सामान घेऊन. डिकी एवढी मोठी, की शिलाई मशीन, रजया आणि चार कुंड्या, सगळं एका खेपेत मावलं. "गाडी कामाची हं, भावजी!" मेहुणी म्हणाली. जोंग-गूने होकारार्थी मान हलवली आणि स्वतःच्या हाताने एकेक कुंडी खाली उतरवून दिली.

निघताना मी-रानने मुळ्याच्या आंबवलेल्या किमचीचा मोठा डबा त्याच्या शेजारच्या सीटवर ठेवला. "पुरवून खा," म्हणाली, आणि आत गेली.

समुद्रावरचा पूल आला नाही तोच गाडी टुंग टुंग वाजायला लागली. जोंग-गूने बटणं दाबली, रेडिओ बंद केला, शिव्या घातल्या. टुंग टुंग चालूच! शेवटी कडेला थांबून बघितलं, तर समोर लाल अक्षरं: शेजारच्या प्रवाशाने पट्टा बांधलेला नाही.

"एवढी महागडी गाडी," तो ओरडला, "आणि शेजारी बायको बसलीय की मुळा, एवढं कळत नाही?"

मग त्याने निमूटपणे डब्याला पट्टा बांधला, आणि सावकाश निघाला.