कंगव्याचा बिल्ला

करीमचाचा माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहत, आधी कोपराकडे. नवा माणूस नमस्कार करेपर्यंत त्यांनी त्याला भिंतीशी उभं करून, हात वाकवायला लावून, शेजारी सागाची पट्टी धरलेली असे. पट्टीवर खाचा. प्रत्येक खाच म्हणजे आमच्या कारखान्यातलं कुणाचं तरी कोपर.

नंदुरबारच्या वेशीवर आमचा मिरचीचा कारखाना आहे. पथारीवर, म्हणजे उघड्या मैदानात पसरून, वाळलेली मिरची आत येते आणि लांब टेबलांशी उभ्या राहून बायका देठ खुडतात. करीमचाचा तिथले सुतार. नळ, दिवे, पंखेही त्यांच्याकडेच. मी ऑफिस सांभाळते. मला याद्या करायची सवय आहे आणि ती लपवण्यासारखी नाही. चाचा मला 'यादीवाली ताई' म्हणत.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. कारखान्यात नवं काहीही आलं, अगदी पाण्याचा माठ जरी, तरी ते विचारत, "शेवटली बाईले इचारं का?"

शेवटची बाई म्हणजे टेबलाच्या पार टोकाची. नवी, बुटकी, नाहीतर डोंगरातून आलेली, जिला इथली भाषा येत नाही अशी. तिचा हात माठापर्यंत पोहोचतो का? पंख्याचा वारा तिथवर जातो का? मागे संडासाच्या दारांना नव्या कड्या बसवल्या, तेव्हा चाचांनी गुडघ्यांवर चालत जाऊन त्या उघडून पाहिल्या होत्या. बायका हसून हसून बेजार. चाचा गंभीर. दुसऱ्या दिवशी सगळ्या कड्या वीतभर खाली.

हा छंद कारखान्यापुरता राहिला असता तर बरं झालं असतं. रनाळ्याला आमच्या मालकांच्या, शेठच्या, पुतण्याचं लग्न होतं. नवरानवरीच्या उंच खुर्च्या पाहून चाचा थेट मांडवातल्या स्टेजवर चढले. नवरीचे पाय लोंबकळत होते. कुठून तरी दोन विटा आणून, उपरण्यात गुंडाळून, त्यांनी त्या तिच्या पायांखाली सरकवल्या आणि खाली येऊन शांतपणे जेवले. व्हिडिओवाला अजून चिडलेला आहे. नवरीने मात्र वर्षभराने कारखान्यात येऊन चाचांना पेढे दिले.

अंगठ्याचं हजेरी मशीन आलं, ती खरेदी माझी होती. त्यासाठी मी नऊ मुद्द्यांची यादी केली होती: वीज गेली तर काय, धूळ बसली तर काय, दुरुस्तीला माणूस किती वेळात येणार, वगैरे. चाचांनी यादी दोनदा वाचली.

"ताई, तुन्ही यादी मोठी शे. पन तिन्हामा बाई कोठे शे?"

मी म्हटलं, "चाचा, अंगठा सगळ्यांना असतो."

त्यांनी फक्त पट्टीने पाठ खाजवली.

सोमवारी मशीन सुरू झालं आणि मला बाई कुठे ते कळलं. वर्षानुवर्षं देठ खुडून बायकांच्या अंगठ्यांच्या रेषा पुसट झालेल्या. मशीन ओळखेना. बसवणारा माणूस ताडमाड, त्याने ते स्वतःच्या डोक्याच्या उंचीवर ठोकलेलं. रमिलाबाई टाचा उंचावून अंगठा दाबत होत्या. या नवापूरकडच्या, टेबलाच्या टोकाला उभ्या राहायच्या. अहिराणी इथे येऊनच शिकल्या. पाचव्या खेपेला त्या वळून म्हणाल्या, "मन्हा नवरानी मले एकदाच दखीसन पसंत करं. हाई मशीन काय इतला नखरा करस?"

सगळ्या हसल्या. पण शेठचा नियम होता: मशीन सांगेल ती हजेरी, आणि सलग तीन दिवस गैरहजर दिसेल तिचं नाव काढून दुसरी बाई घ्यायची. मशीनच्या हिशेबात रमिलाबाई सोमवारी आल्याच नव्हत्या. मंगळवारीही नाही. मी शेठकडे गेले. शेठ म्हणाले, "मग चेहऱ्याचं मशीन आणू." चाचा दारात उभे होते. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि या वेळी उत्तर मला ठाऊक होतं. मिरचीचा ठसका लागू नये म्हणून आमच्या सगळ्या बायका डोळ्यांखाली फडकं बांधून असतात.

बुधवारी सकाळी दारापाशी एक फळी लागली होती, कुणाचंही कोपर वाकलेलंच राहील इतकी खाली. फळीवर खिळे आणि खिळ्यांना तेलाच्या डब्यांचे कापलेले गोल बिल्ले. चाचांनी मंगळवारी दुपारी प्रत्येकीला विचारून त्यांवर चित्रं रंगवली होती. मोर, विळा, पतंग. रमिलाबाईंनी कोंबडा मागितला होता, "सकायले तोच उठाडस" म्हणून. आलं की आपला बिल्ला काढायचा आणि टेबलाच्या टोकाला टांगायचा. फळीवर उरेल ती गैरहजर.  शेठ कोंबड्याकडे बोट करून म्हणाले, "ही कोण?" रमिलाबाईंनी फडकं खाली करून तोंड दाखवलं. मशीन त्याच आठवड्यात परत गेलं.

मी अर्थातच मोजणी केली. बायका बेचाळीस. बिल्ले त्रेचाळीस. सर्वांत खालच्या खिळ्यावर कंगव्याचं चित्र. मी चाचांना चूक दाखवली.

चाचा रंध्याच्या धारेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मन्ही जुबेदा शे ती."

जुबेदाबी त्यांची बायको. माझ्या आधीच्या काळात टेबलाच्या टोकाला उभी राहायची. ते पहिलं टेबल चाचांनीच केलेलं, स्वतःच्या कोपराच्या मापाने.

"बारा वरीस हात उचलीसन उभी ऱ्हायनी. मन्हा हातनं टेबल म्हनीसन कधी बोलनी नही. मी बी इचारं नही."

तिचे खांदे कायमचे आखडले, तेव्हा त्यांना कळलं. केस विंचरायला हात डोक्यापर्यंत जाईना. शेवटची सहा वर्षं तिची वेणी चाचा घालत. "पहिले वाकडी येये," ते म्हणाले. "मंग जमनी."

ती गेल्यावर त्यांनी ते टेबल मोडून नवं केलं. सागाच्या पट्टीवरची सर्वांत खालची खाच तिची होती.

चाचा आता थकले, मुलीकडे नवापूरला असतात. पट्टी मला देऊन गेले. परवा नव्या खुर्च्यांची यादी करताना पहिल्या मुद्द्याच्या आधीच मी टेबलाच्या टोकाशी जाऊन आले.

सलग तीन दिवस गैरहजर असेल तिचं नाव काढायचं, हा शेठचा नियम अजून आहे आणि मी तो पाळते. कंगवा चार वर्षं फळीवरच आहे. रोज संध्याकाळी मी त्याच्यापुढे 'गैरहजर' लिहिते. नाव काढलेलं नाही.