सोपानरावची सेकंड शिफ्ट

मेडिकलमध्ये खुर्चीचा कमोड मिळतो. चार पाय, मधोमध भोक, खाली भांडं. डॉक्टरांनी तोच घ्यायला सांगितलं होतं. पण मी म्हटलं, नाही. माझा माणूस अठ्ठावीस वर्षं चाकणच्या कंपनीत ताठ मानेनं जातो-येतो, तो आता हॉलमध्ये टीव्हीसमोर भांड्यावर बसणार नाही. घरचा संडास फोडू आणि कायमचा कमोड बसवून घेऊ. (इथंच कुणीतरी माझ्या तोंडावर हात ठेवायला हवा होता. पण आमच्या घरात तेवढ्या छातीचं कुणी नाही.)

आमचे मिस्टर, भीमराज, क्वालिटी खात्यात आहेत. यंत्रातून आलेला लोखंडी तुकडा चांगला की वाईट, हे ते केसाएवढ्या फरकावरून सांगतात. स्वतःचे गुडघे झिजलेले मात्र त्यांना चार वर्षं कळले नाहीत. शेवटी उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली. सोमवारी ऑपरेशन, शनिवारी घरी. डॉक्टर म्हणाले, "यापुढे उकिडवं बसायचं नाही. एकदासुद्धा नाही."

म्हणजे पुढच्या शनिवारपर्यंत कमोड पाहिजे. माझ्या हातात दहा दिवस होते. मी बुधवारी सोपानरावला बोलावलं.

सोपानराव देहूच्या बाजूचा. कपाळाला गंध, बोलणं लोण्यासारखं, आणि "नाही" हा शब्द त्याला शिकवलेलाच नाही. आमच्या काळेवाडीतल्या तळमजल्यावरच्या संडासात त्यानं नुसतं डोकं घातलं आणि म्हणाला, "दोन दिसाचं काम हाय ताई."

मी म्हटलं, "सोपानराव, कमोड बसतोच आहे तर टाइल्सपण बदला."

"व्हय."

"आणि पाण्याचा ढाळ नीट काढा."

"व्हय ताई."

"आणि शनिवारच्या आत नाही झालं तर तुमच्या घरी येऊन बसेन."

"व्हय, या की. च्या घ्यायला या."

बुधवारी दुपारपर्यंत त्यानं भांडं उपटलं, फरशी फोडली, भिंती सोलल्या आणि नळ काढून पाइपाला चिंधी बांधली. मला वाटलं, काय तडफ आहे माणसात. मग थापी, ओळंबा, लेव्हलची पट्टी असं सगळं सामान थैलीत भरून त्यानं माझ्या दारामागं ठेवलं आणि म्हणाला, "हे राहू द्या हितंच. सकाळी येतोच."

आता मला कळतंय. ही या लोकांची पद्धत आहे. पहिल्या दिवशी एवढं फोडायचं की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाऊ शकत नाही, आणि सामान ठेवून जायचं म्हणजे गिऱ्हाइकाला वाटतं माणूस परत येणार. पण चौथी शिकलेल्या बाईला हे कुठल्या पुस्तकात मिळणार?

गुरुवारी सोपानराव आला नाही. फोन केला तर म्हणाला, "निघालोच ताई, धा मिंटात पोचतो." शुक्रवारी पण दहा मिनिटं. शनिवारी पण. माझ्या घड्याळात दहा मिनिटं संपतात, त्याच्या घड्याळात ती पिकत घातलेली असतात.

तोपर्यंत आमच्या घरात संडास नव्हता. मिस्टरांची रजा मंजूर झाली होती, तरी ते लंगडत लंगडत रोज कंपनीत गेले. मॅनेजरला वाटलं, काय निष्ठा आहे. त्यानं सगळ्या खात्यासमोर टाळ्या वाजवल्या म्हणे. आमची मुलगी मैत्री हिंजवडीला आयटी कंपनीत आहे, तीही घरून सात वाजताच पळायला लागली.

राहिले मी. शेजारी जायचं तर ज्या बाईशी माझं भांडण झालेलं नाही अशी बाई शोधावी लागणार. पहिल्या मजल्यावरच्या बाईशी ओल्या कपड्यांच्या पाण्यावरून झालंय. दुसऱ्या मजल्यावर गाडी लावण्यावरून. तिसऱ्या मजल्यावर कशावरून ते दोघींनाही आठवत नाही, पण चालू आहे. चौथ्या मजल्यावर वर्षाली नावाची नवी मुलगी राहायला आली होती. येऊन अकराच दिवस झाले होते, म्हणून तिच्याशी राहून गेलं होतं. मी दिवसातून तीन वेळा चार मजले चढायचे. खालच्या तिघी आपापल्या दारात उभ्या राहून माझं येणं-जाणं बघायच्या. कुणी काही बोललं नाही. बोलल्या असत्या तर निदान मला उत्तर तरी देता आलं असतं.

रविवारी मिस्टरांना दवाखान्यात भरती केलं, सोमवारी ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्यांचा पहिला शब्द होता, "कमोड?"

मी म्हटलं, "झालाय. तुम्ही पडून राहा."

खोटं बोलले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण एवढं मोठं खोटं पहिल्यांदाच. आणि शनिवार पाच दिवसांवर.

मंगळवारी सकाळी मी घरी येऊन सोपानरावची थैली जमिनीवर उपडी केली. तळाशी टाइल्सच्या दुकानाची चिठ्ठी निघाली. माल उतरवायचा पत्ता, रहाटणी. वर तारीख, आमच्या फोडाफोडीच्या आदल्या आठवड्यातली. मी लेव्हलची पट्टी हातात घेतली आणि रिक्षात बसले.

रहाटणीतलं ते घर बैठं होतं. दाराला आतून कुलूप. मी पट्टीनं दार वाजवलं.

खिडकीतून एका बाईनं विचारलं, "कोण पाहिजे?"

"सोपानराव पाहिजे."

"देणार नाही," बाई म्हणाली.

मी पाय उंच करून तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. सोपानराव स्वयंपाकघरात ओट्याखाली उकिडवा बसून सिमेंट भरत होता. हातात नवी कोरी थापी. (म्हणजे थैल्याही त्याच्याकडे गिऱ्हाईकागणिक वेगळ्या.) मला बघून तो म्हणाला, "तुमच्याकडंच निघालो व्हतो ताई."

"गप बसा आणि तो कोपरा भरा," बाई त्याला म्हणाली आणि मग माझ्याकडे वळली. "हे बघा ताई, माझं नाव सावित्री. लातूरकडची आहे. नऊ दिवस झाले, मी बेडरूममध्ये पलंगाशेजारी गॅस ठेवून स्वयंपाक करायले. मालकाच्या उशीला फोडणीचा वास येतोय. या माणसाला काल मी पकडलाय. रात्री घरी सोडला, सकाळी भावाला पाठवून उचलून आणलाय. किल्ली कमरेला आहे. ओटा झाल्याशिवाय तो इथून हलणार नाही."

मी म्हटलं, "सावित्रीबाई, तुमचं जेवण तरी होतंय. माझ्याकडे पुढचं सगळं अडलंय. मी चार मजले चढते. आणि शनिवारी माझा माणूस नवा गुडघा घेऊन घरी येतो. त्याला खाली बसता येणार नाही. मग काय त्याला उभा ठेवू?"

ती जरा विचारात पडली. मीही तिच्याकडे बघून विचारात पडले, कारण माझ्यासारखी दुसरी बाई मी पहिल्यांदाच बघत होते आणि आपण समोरून कशा दिसतो ते मला कळत होतं.

तेवढ्यात सोपानरावचा फोन वाजला. सावित्रीबाईनं मागे वळून तो उचलला. पलीकडे दिघीचे कुणी साहेबराव होते. त्यांच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग अर्धं राहिलं होतं.

"साहेबराव, सोपानराव कामावर आहे," सावित्रीबाई म्हणाली. "तुमचा नंबर तिसरा." आणि फोन ठेवून दिला. मग किल्ली काढून दार उघडलं. "या ताई आत. चहा टाकते. चहा बेडरूममध्ये मिळेल."

पलंगाच्या काठावर बसून आमचा करार झाला. तिचा नवरा भोसरीला कंपनीत, माझा चाकणला. आम्हाला दुसरं काय सुचणार? सकाळी सात ते एक फर्स्ट शिफ्ट, रहाटणी. दीड ते संध्याकाळी सात सेकंड शिफ्ट, काळेवाडी. मधल्या अर्ध्या तासात जेवण आणि प्रवास. कामगाराची ने-आण कंपनीकडे, म्हणजे माझ्याकडे.

सोपानराव दारातून ऐकत होता. म्हणाला, "आन् सुट्टी?"

दोघी एकदम म्हणालो, "शनिवारनंतर."

बुधवारपासून मी दुपारी एकच्या ठोक्याला रिक्षा घेऊन रहाटणीत उभी. सावित्रीबाई त्याला हात-पाय धुवून माझ्या ताब्यात द्यायची आणि सकाळपासून काय काय चुकवलं ते सांगायची. त्यात माझा फार फायदा झाला. तिच्याकडे त्यानं ओट्याच्या टाइल्स वर-खाली बसवल्या होत्या. म्हणून मी त्याच्या पाठीशी स्टूल टाकून बसले आणि जागची हलले नाही.

तरी त्यानं केलंच. भिंतीवर मधोमध फुलदाणीची एक टाइल होती. ती उलटी बसली.

मी म्हटलं, "सोपानराव, फुलं खाली पडायला लागलीत."

"उलटी न्हाई ती ताई. टांगलेली कुंडी हाय."

ती काढून सुलटी केली. मग बादलीभर पाणी ओतून ढाळ बघितला. पाणी जाळीकडे गेलंच नाही. ते सरळ उंबरा ओलांडून हॉलमध्ये आलं आणि सोफ्याखाली जाऊन थांबलं. सोपानराव पाण्याकडे कौतुकानं बघत म्हणाला, "ढाळ तर झ्याक निघालाय."

फरशी पुन्हा फोडली. गुरुवारी मी घरून, दवाखान्यात बसलेल्या मैत्रीला व्हिडिओ कॉल लावला आणि मिस्टरांना सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. पलंगावर जरा वर सरकले, चष्मा घातला आणि म्हणाले, "लेव्हल लाव." मी पट्टी कमोडवर ठेवून फोन जवळ नेला.

"बुडबुडा डावीकडे आहे," मिस्टर म्हणाले. "थोडा आउट आहे. पण चालेल."

"चालेल काय? कंपनीत केसाएवढं चुकलं तर पेटीच्या पेटी परत पाठवता ना तुम्ही?"

"कस्तुरा," ते म्हणाले, "तिथं मी रिजेक्ट केलं तर माल परत जातो. इथं सोपानराव परत जाईल."

मागून मैत्रीचं हसू ऐकू आलं. मी फोन बंद केला आणि सोपानरावला कमोड पुन्हा काढायला लावला.

शुक्रवारी सहा वाजता काम संपलं. ढाळ जाळीकडे, फुलदाणी सुलटी, बुडबुडा मधोमध. सोपानराव हात पुसत "ताई, एक इचारायचं व्हतं" असं काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, "काही विचारू नका. थैली उचला. पुन्हा या दारात दिसलात तर तंगडं मोडीन." तो गेला. मी सावित्रीबाईला फोन करून सांगितलं, तिचाही ओटा झाला होता. त्या रात्री मी किती दिवसांनी शांत झोपले.

शनिवारी दुपारी मिस्टर आले. वॉकर धरून, एकेक पाऊल टाकत. तिन्ही मजल्यांवरच्या शेजारणी खाली जिन्यात येऊन बघत होत्या, त्यांना मी मुद्दाम दार उघडं ठेवून नवा कमोड दिसू दिला. मिस्टर म्हणाले, "सकाळपासून आवरून धरलंय. म्हटलं, उद्घाटन घरचंच करावं." आणि सरळ संडासाकडे निघाले.

वॉकर दारात अडकला.

जरा तिरका केला, अडकला. उचलून धरला, अडकला. वॉकर सोडून जायला डॉक्टरांची सक्त मनाई. मैत्री म्हणाली, "मम्मी, तू दार मोजलं नव्हतंस?"

मी टाइल्स मोजल्या होत्या. ढाळ मोजला होता. बुडबुडा मोजला होता. ज्या माणसासाठी हे सगळं केलं तो दारातून कसा जाणार, एवढंच राहिलं होतं.

मिस्टरांनी शर्टच्या खिशातून लहान टेप काढली (गुडघा बदलला तरी टेप तीच) आणि मोजून शांतपणे म्हणाले, "वॉकर साडेतेवीस इंच. चौकट साडेबावीस. एक इंच कमी. हे ड्रॉइंग कुणी पास केलं?"

मैत्रीनं माझ्याकडे बघितलं. मिस्टरांनीही बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला होता, आणि तो गुडघ्याचा नव्हता.

मी सोपानरावला फोन लावला. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. म्हटलं, "सोपानरावदादा, जरा येता का?"

तो सात मिनिटांत आला. अकरा दिवसांत पहिल्यांदा वेळेवर. वॉकर बघितला, चौकट बघितली आणि म्हणाला, "काल ह्येच इचारनार व्हतो ताई. साहेबांची काठी केवढी हाय म्हनून. तुमी तंगडं मोडायचं म्हनलात."

मग त्यानं हातोडा आणि छिन्नी घेतली आणि चौकट दारासकट उखडली. भिंतीचाही थोडा भाग आला, पण तेव्हा कुणाला पडली होती? मिस्टर वॉकर घेऊन आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा ऑपरेशन झाल्यानंतर दिसला त्याहून हलका होता.

"नवी मोठी चौकट दोन दिसांत बशिवतो ताई," सोपानराव म्हणाला. आणि थैली दारामागं ठेवून गेला.

त्याला आज बारावा दिवस. सावित्रीबाईला फोन केला, तर तिच्याकडेही नाही. दिघीला साहेबरावांच्या गच्चीवर असेल तर असेल, पण साहेबराव आता माझा फोन उचलत नाहीत.

संडासाला मी चादरीचा पडदा लावलाय. पंखा चालू केला की तो उडतो, म्हणून मिस्टर आत असले की मी बाहेर पडदा धरून उभी राहायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचे आणि दर दोन मिनिटांनी विचारायचे, "झालं का?" दोन दिवस मिस्टरांनी सहन केलं. तिसऱ्या दिवशी आतून हळूच म्हणाले, "कस्तुरा, सोपानरावनं तुझ्यासमोर काम कसं केलं मला माहीत नाही. पण तू अशी उभी असलीस की मला काही होत नाही."

तेव्हापासून रोज सकाळी मी बाहेर लिंबाखालच्या बाकावर जाऊन बसते. आत सगळं उरकलं की ते फोन करतात, मग मी घरात जाते. आज साडेसातला येऊन बसले. वही सोबत होती म्हणून हे सगळं लिहून काढलं. लिहून झालं, पण फोन अजून आलेला नाही.