रकान्यात न बसणारी मुलगी

सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागाची मी गेली बावीस वर्षं ग्रंथपाल आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचं वाचन वाढावं म्हणून आम्ही उपक्रम घेतो. यंदा मुख्य कार्यालयाचं परिपत्रक आलं, की ज्या बालविभागात दररोज किमान चाळीस मुलं 'सक्रिय सहभागी' नसतील, तो सुट्टीनंतर बंद करण्यात येईल आणि त्या खोलीत कार्यालयाची मोडकी कपाटं ठेवण्यात येतील. सहभागाचा पुरावा म्हणून रोज तीन छायाचित्रं पाठवायची होती. छायाचित्रात मुलांचे हात काहीतरी करताना दिसणं बंधनकारक होतं.

मी नियमाला धरून चालणारी बाई. मोडक्या कपाटांपुढे हार मानायची नाही, असं ठरवून पदर खोचला. पहिल्या आठवड्यात कागदी मुखवटे, दुसऱ्यात मातीकाम, तिसऱ्यात बाटलीतलं वादळ. मुलांची झुंबड उडाली. त्यांच्या आया दारात उभ्या राहून, "तेवढीच मुलं मोबाइलपासून लांब राहतात हो," असं म्हणत मोबाइलवर त्यांचे फोटो काढू लागल्या.

अडचण एकच होती, ती पुस्तकांची. चिखलाचे हात पुस्तकांना लागत, मुखवटे घातलेली मुलं कपाटांवर आदळत. शिपाई म्हणाला, "बाई, पुस्तकं तेवढी तळघरात हलवली ना, तर विभाग कसा मोकळा होईल!" सुचवलं त्याने, पण सही माझी. दोन दिवसांत चार हजार पुस्तकं खाली गेली आणि वाचनसंस्कृतीला हातपाय पसरायला जागा झाली.

एक पुस्तक तेवढं वर राहिलं, कारण ते एका मुलीच्या हातात होतं.

मुलगी नऊ-दहा वर्षांची, सुट्टीपुरती मावशीकडे आलेली. दहाच्या ठोक्याला यायची, खिडकीखालच्या बाकावर मांडी घालून बसायची आणि दीपगृहात राहणाऱ्या दोन बहिणींची एक जाडजूड कादंबरी वाचायची. सांडलवंड नाही, भांडण नाही, "बाई, हिने माझी कात्री घेतली" नाही. असलं मूल व्यवस्थेला फार जड जातं. माझ्या अहवालात 'उपस्थित ४१, सहभागी ४०' असं गेलं आणि दुसऱ्याच दिवशी मुख्य कार्यालयातल्या साहेबांचा फोन आला.

"ही उरलेली एक काय करते?"

"वाचते, साहेब."

"ते कळलं हो. पण करते काय?"

"पुस्तक वाचते."

"हात हलतात का?"

"पान उलटताना हलतो. एकच."

साहेब गंभीर झाले. "बाई, तुम्ही अनुभवी आहात. ग्रंथालयात येऊन एक मूल नुसतं बसून राहतं, हे वरच्यांनी पाहिलं तर आपली काय शोभा राहील? तिला कुठल्यातरी रकान्यात बसवा."

मी मुलीला मुखवटा करायला सांगितलं. ती म्हणाली, "चालेल, पण डोळ्यांची भोकं मोठी ठेवा हं. वाचायचंय." मग मी तिच्या मावशीला बोलावून घेतलं. मावशी बिचारी आधीच कावलेली. "घरीसुद्धा हेच! रोज सांगते, अगं, नुसती बसू नकोस, काहीतरी कर. की घेतलंच हिने पुस्तक!"

शेवटी मला मार्ग सुचला, आणि त्याचा मला तेव्हा अभिमानही वाटला, हे कबूल करते. वाचन रकान्यात बसत नसेल, तर वाचनाचाच उपक्रम करावा. हॉलच्या मधोमध टेबलावर खुर्ची चढवली, खुर्चीवर मुलगी चढवली आणि फलक लावला: 'वाचन प्रात्यक्षिक. वेळ ११ ते ११.१५.' चाळीस मुलं भोवती बसून टाळ्या वाजवू लागली. ऐंशी हात हलले. उरलेले दोन पुस्तक धरून होते.

"बाई, पान उलटू?" मुलीने वरून विचारलं.

"थांब गं. फोटो होऊ दे."

फोटो झाला. 'सहभागी ४१.' साहेब इतके खूष झाले, की प्रात्यक्षिक दिवसातून तीनदा करण्याचा आदेश आला. पाठोपाठ दुसरं पत्र आलं: सदर पुस्तकाची नोंद यापुढे 'उपक्रम साहित्य' म्हणून करावी, प्रात्यक्षिकाव्यतिरिक्त ते हाताळू देऊ नये, आणि छायाचित्रांत एकसारखेपणा राहावा म्हणून रोज तेच पान उघडावं. मी पुस्तक कुलपात ठेवलं. मुलगी रोज तीन वेळा दोनशे बारावं पान वाचू लागली. लहान मुलं लवकर शिकतात; आठवड्याभरात ती पानाकडे न बघताच वाचायला लागली.

तिच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली. "बाई, उद्या सकाळच्या गाडीने मी जाणार. चाळीसच पानं राहिलीत. आज घरी न्यायला द्याल? सकाळी मावशी आणून देईल. नक्की."

किल्ली माझ्याच खणात होती. द्यावं, असं अगदी मनापासून वाटलं. पण दुसऱ्या दिवशी अकराला अंतिम तपासणी; खुर्चीवर दुसरं मूल चढवता आलं असतं, पुस्तक मात्र तेच लागणार होतं, आणि मावशीला उशीर झाला असता तर सगळंच मुसळ केरात. मला विभाग वाचवायचा होता. कुणासाठी, ते आठवायला वेळ नव्हता.

"पुस्तक देता येत नाही गं राणी," मी म्हणाले. "पण शेवट मी सांगते ना तुला."

ती चटकन समोर बसली. कितीतरी दिवसांनी तिचे डोळे चमकले.

"शेवटी ना," मी सुरुवात केली, "दोघी बहिणी सुखरूप घरी पोचतात."

"पण धाकटी तर सातव्या प्रकरणातच बुडते."

मी खोकले. पाणी प्यायले.

"बाई, तुम्ही हे वाचलं नाहीये?"

"अगं, या कामातून वाचायला वेळ कुठे मिळतो!"

 ती अगदी साधेपणाने म्हणाली, "मग तुम्ही इथं काय करता?"

मी तिच्या हातात 'उत्कृष्ट वाचक' असं प्रमाणपत्र ठेवलं. तिने ते घडी न घालता तिथेच टेबलावर ठेवलं आणि ती गेली.

आमचा विभाग वाचला, पहिलाही आला. ते पुस्तक आता बाकीच्या चार हजारांबरोबर तळघरात आहे. ही हकिगत ऐकली, की लोक फार हळहळतात, वाचनसंस्कृतीबद्दल पोटतिडकीने बोलतात. मी म्हणते, मावशीकडे मुलीचा पत्ता आहे. चला, तळघरात जाऊ, चाळीस पानं वाचू आणि शेवट तिला पत्राने कळवू. एकटीने जायची मला लाज वाटते. त्यावर प्रत्येकाला नेमकं एखादं काम आठवतं.

तुम्ही इथवर वाचलंत, म्हणून तुम्हालाही विचारते. येता का? अहो, उठलात कुठे?