सगुणा साळूचा तिसरा फॉर्म

मुलांनो, एका जंगलात सिंहाचं राज्य होतं, म्हणजे तिथे कर भरावाच लागे. त्या जंगलात सगुणा नावाची साळू राहायची. अंगभर काटे, पण स्वभावाने गरीब. ती दरबाराच्या दारावर पहारा द्यायची आणि पगारात कंदमुळं घ्यायची.

उन्हाळ्याआधी प्रत्येकाने वर्षाची कमाई लिहून द्यायची, असा नियम होता. मुदत चुकली की तळ्यावर पाणी बंद.

सगुणा वेळेवर कचेरीत गेली. तिथे बगळा बसायचा. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत.

"नोकरी करता ना? मग पहिला फॉर्म. एकदम सोपा," बगळा म्हणाला.

सगुणाने तो भरला. पण तिला राहवेना.

"भाऊसाहेब, माझे काही काटे मी माकडिणीला विकले. केस विंचरायला. ते कुठे लिहू?"

"काटे म्हणजे मालमत्ता. मालमत्ता विकून नफा झाला की पहिला फॉर्म चालत नाही. दुसरा घ्या."

दुसऱ्या फॉर्मात विचारलं होतं, काटा उगवला तेव्हा त्याचा भाव काय होता? सगुणा आपल्या पाठीकडे बघत राहिली. कसाबसा तोही भरला.

"आणि सुट्टीच्या दिवशी मी सशांना बिळं खणून देते. त्याबद्दल ते रताळी देतात."

बगळ्याने मान खाली घातली. "बाई, हा धंदा झाला. धंद्याला तिसरा फॉर्म. आता आणखी काही सांगू नका."

तिसऱ्या फॉर्मात नखांचा घसारा मागितला होता. वर्षभरात नखं किती झिजली, ते काढता काढता मुदत टळली.

त्याच दिवशी बिबट्या आला होता. तो म्हणाला, "हरणं गवत खातात. गवत जमिनीत उगवतं. म्हणजे माझी सगळी कमाई शेतीची. शेतीला कर नाही."

"बरोबर आहे साहेब," म्हणत बगळ्याने त्याला बसायला पाट दिला.

सगुणाने दंडापायी साठवलेली सगळी कंदमुळं दिली. तो उन्हाळा तिने पानांवरचं दव चाटून काढला. ससे बिळांसाठी बोलवायला आले, तर ती दारच उघडेना.

पुढच्या वर्षी ती पुन्हा कचेरीत गेली.

"पगाराशिवाय काही कमाई?" बगळ्याने विचारलं.

सगुणाला घशाची कोरड आठवली. ती हळूच म्हणाली, "नाही. बिळं खणते, पण ती समाजसेवा. रताळी म्हणजे प्रसाद."

"वा, तुम्हाला कायदा समजला," बगळा म्हणाला आणि त्याने शिक्का मारला.

त्या संध्याकाळी सगुणा तळ्यावर पोटभर पाणी प्यायली. शेजारीच बिबट्या पीत होता. त्याने सरकून तिला जागा करून दिली.

तात्पर्य: कमाई पाहून फॉर्म निवडणारा तहानेने मरतो. शहाण्याने आधी सोपा फॉर्म निवडावा, मग त्यात मावेल एवढीच कमाई दाखवावी.