अकरा ओळींचे शेवाळेकाका

सिडकोतले आमचे शेजारी शेवाळेकाका कुणाच्याही घरी गेले की पाण्याच्या ग्लासाआधी कम्प्युटरकडे बघत. "हा असा रिकामा का बसलाय?" अहो, बसला तर बसला! पण नाही, त्यांच्या पोटात दुखायचं. द्वारका चौकातल्या एका सायबर कॅफेतून तर त्यांना हात धरून बाहेर काढलं होतं. सहा कम्प्युटर त्यांनी मालकाला न विचारता कामाला लावले होते.

काम असं, की एका अवाढव्य गणिताचे तुकडे जगभरातल्या घरगुती कम्प्युटरांना वाटून दिलेले. ज्याचा मोकळा असेल, त्याने आपला तुकडा सोडवायचा. त्यातून म्हणे हातापायांच्या थरथरीवर औषध शोधायला मदत होणार होती. घरात कुसुमकाकूंचा उजवा हात दोन वर्षं थरथरत होता. काका मात्र हे कारण कधी कुणाला सांगत नसत.

घोडं अडलं लोडशेडिंगपाशी. एका तुकड्याला नऊ तास लागायचे आणि मधे वीज गेली की सगळं पहिल्यापासून. इन्व्हर्टर होता, पण पंखा आणि कम्प्युटर दोन्ही लावले की बॅटरी बसायची. म्हणून भर मे महिन्यात काकू पंखा बंद ठेवून पुठ्ठ्याने वारा घेत. मी चिडले, तर म्हणाल्या, "अगं, हात तसाबी हलतोच. वारा फुकटचा!" काका उठून आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते अर्ज घेऊन माझ्याकडे हजर. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून तपासायला. सुरुवात 'आदरणीय महोदय', सोबत सिडकोचं लोडशेडिंगचं वेळापत्रक, आणि विनंती काय, तर या वेळा सोडून गणित पाठवावे! मी पोट धरून हसले. काकांनी तो अर्ज तस्साच गणित वाटणाऱ्या त्या परदेशी मंडळींना धाडला.

उत्तर आलं: प्रोग्राम सगळ्यांना बघायला-बदलायला खुला आहे, दुरुस्ती तुम्हीच करून पाठवा.

झालं! वीज खात्यात तीस वर्षं खांबांवर चढलेला हा माणूस एकसष्टाव्या वर्षी प्रोग्रामिंगचं पुस्तक घेऊन बसला. "खांबावर चढणं तरी कुठे आईच्या पोटातून शिकून आलो होतो?" चार-पाच महिन्यांनी अकरा ओळी तयार झाल्या. दर पाच मिनिटांनी, झालेलं काम जपून ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. पहिल्यांदा त्या परत आल्या, समास सरळ नाही म्हणून. "हेडक्लार्क सगळीकडेच असतात," म्हणत काकांनी त्या नीट करून पुन्हा पाठवल्या. मंजूर! मदतनीसांच्या यादीत शेवाळ्यांचं नाव लागलं. ते पान छापून मी अख्ख्या स्टाफरूममध्ये फिरवलं. आमच्या गल्लीतला माणूस आहे म्हटलं!

ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारी मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले, तेवढ्यात वीज गेली. काका उठले, स्वतःच्या हाताने कम्प्युटर बंद केला आणि इन्व्हर्टरवर पंखा लावला.

"अहो, चालू द्या की त्याला," काकू म्हणाल्या.

"पाच मिनिटांचंच नुकसान. बसू दे त्याला रिकामं."

आणि काकूंच्या हातातला पुठ्ठा काढून घेऊन त्यांनी तो खिडकीतून बाहेर भिरकावला.