चंद्रभानचा उजवा कान

रात्रीचे साडेआठ वाजले की चंद्रभानचा उजवा कान त्याचा राहत नसे. तो गोपिकेचा होई. चार वर्षांची ही लेक बापाच्या कुशीत शिरायची, कानाची पाळी दोन बोटांत धरायची आणि चोळत चोळत झोपायची. पाळी सुटली की डोळे टक्क उघडे. प्रेमिलाचा, म्हणजे आईचा, कान तिने पहिल्याच वर्षी नापास केला होता. आता तर आई सहा महिन्यांच्या धाकट्याला घेऊन आतल्या खोलीत अडकलेली.

चंद्रभान हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होता आणि कीर्तनाचा वेडा होता. गोपिका जन्मायच्या आधी तो सायकल मारत पार दूरच्या खापरखेड्याच्या कॉलनीपर्यंत कीर्तनाला जाऊन आलेला माणूस. पण गेल्या चार वर्षांत त्याने एक कीर्तन पुरतं ऐकलं नव्हतं. प्रतापनगरचं मारुतीचं देऊळ घरापासून हाकेच्या अंतरावर. देवळावर भोंगाही होता. पण डावा कान उशीत आणि उजवा लेकीच्या मुठीत, मग कीर्तन शिरायचं कुठून?

यंदा मात्र हनुमान जयंतीच्या सप्ताहाला महादेवबुवा येणार होते. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून चंद्रभानने पहिलं कीर्तन ऐकलं ते याच बुवांचं. आता बुवा पंच्याहत्तरीला आले होते आणि हा सप्ताह गाऊन चिपळ्या देवापुढे ठेवणार होते. हे हुकलं तर जन्मात पुन्हा नाही. हाताशी तीन आठवडे होते.

"पोट्टी झोपली की जा ना मंग," प्रेमिला म्हणाली.

"ते झोपते तवा मीच आधी घोरून राहिलेला असतो," चंद्रभान म्हणाला. रोज सकाळी सहाची कंपनीची बस धरणाऱ्या माणसाच्या अंगाला सवयच तशी लागली होती.

शेजारच्या शोभाताई बालवाडी चालवत. त्यांनी उपाय सांगितला. "तिची चटई वेगळी टाका. भेव दाखवू नका, रागावू नका. तिनं जेवढं केलं तेवढंच सांगा अन् शाब्बास म्हणा. थोडं बोला, खरं बोला."

खरं बोलायला चंद्रभानची ना नव्हती. अडचण 'थोडं बोला'ची होती. पहिल्याच रात्री गोपिका बापापासून हातभर दूर, स्वतःच्या चटईवर आडवी झाली आणि त्याचं मन भरून आलं. तो उठून बसला. घनदाट रानात वाघ-लांडग्यांमध्ये एकटं बसून देवाला भेटीला आणणाऱ्या बालभक्ताचं आख्यान त्याने लावलं, म्हटलं, माझी लेक त्याच पंगतीतली. गोपिकाही उठून बसली. देव प्रकट झाले तेव्हा अकरा वाजले होते आणि धाकटं रडत होतं.

"झोपवून राहिले का जागवून राहिले तिले?" प्रेमिलाने आतून विचारलं.

दुसऱ्या रात्री त्याने एकच शब्द वापरायचा ठरवला. शाब्बास. तीन मिनिटांनी अंधारातून आवाज आला, "बाबा, अजुक एकटीच आहो मी." शाब्बास. "आता पण आहो." शाब्बास. सतरावी शाब्बासकी बापाने झोपेतच दिली, असं गोपिकेनेच सकाळी सांगितलं.

शोभाताई हसून म्हणाल्या की रात्रीचं कौतुक सकाळी करा, म्हणजे तिला ते मिळवायला झोपावंच लागेल. चंद्रभानच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. कीर्तनाच्या मध्यंतरात बुवांच्या कपाळी बुक्का लागतो, गळ्यात हार पडतो, आणि मगच उत्तररंगाला जोर चढतो. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून तो देवघरातली बुक्क्याची डबी घेऊन ओसरीवर उभा राहिला, चिपळी एकदाच वाजवली आणि गोपिकेच्या कपाळी बोट टेकवत म्हणाला, "काल गोपिका आपल्या चटईवर झोपली. कान एकदाच मागितला. शाब्बास."

गोपिका बुवांसारखे हात जोडून उभी होती. त्या रात्री तिने कान मागितला नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण चिपळी गल्लीत ऐकू जाते. तिसऱ्या सकाळी समोरच्या घरातल्या यमुताईंची दोन नातवंडं ओसरीसमोर येऊन उभी राहिली. आठवड्यात अकरा पोरं जमू लागली. प्रत्येकाला विचारून, खरं तेवढंच सांगून बुक्का लावायचा. कोणी आजीशिवाय झोपलं होतं, कोणी कंदील मालवून. एकाने छाती काढून सांगितलं, "मी अंथरूण ओलं केलं, पण एकट्यानं." चंद्रभानने त्यालाही बुक्का लावला, कारण बोलणं खरं होतं. या भानगडीत दोनदा बस चुकली. तिसऱ्यांदा ड्रायव्हर नत्थू हॉर्न वाजवून थकला आणि स्वतः बोलवायला आला, तर पोरांनी त्याला रांगेत लावलं. बुक्का लावून घेतल्यावर तो रोज दोन मिनिटं थांबू लागला.

सप्ताहाच्या पहिल्या संध्याकाळी गोपिकेने स्वतःच चटई अंथरली. "जा तुम्ही. मी झोपते," ती म्हणाली. चंद्रभान धुतलेलं धोतर नेसून निघाला तो जग जिंकल्यासारखा. देवळाचे पंच गणपतराव पुढच्या रांगेत बसले होते. त्यांच्या शेजारी, बुवांच्या अगदी पायाशी, त्याने जागा धरली. बुवांनी नमन केलं. आवाज तोच, लहानपणचा. चंद्रभानचे डोळे पाणावले आणि समोरच्या घड्याळात साडेआठ वाजले.

पाणावलेले डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. चार वर्षांची सवय. मान गणपतरावांच्या खांद्यावर पडली. मायक्रोफोन जवळ असल्याने घोरणं भोंग्यावरून साऱ्या प्रतापनगरात गेलं. एवढ्यावर भागलं असतं, पण त्याने झोपेतच गणपतरावांचा हात ओढून आपल्या उजव्या कानावर नेऊन ठेवला. बायकांच्या बाजूला हसू फुटलं. बुवा थांबले, पाहिलं आणि म्हणाले, "धरा हो कान, गणपतराव. लेकरू गाढ झोपलं आहे."

घरी येऊन चंद्रभान भिंतीकडे तोंड करून बसला. सकाळी प्रेमिलाला म्हणाला, "आजपासून जात नाही मी. पोरीची कानाची सवय सुटली अन् मले झोप आवरत नाही. तिच्याहून लहान झालो."

गोपिका दारात उभी राहून ऐकत होती. ती आत जाऊन डबी घेऊन आली आणि पाटावर चढली. "कुठवर जागे होते, बाबा?"

"नमनापर्यंत," चंद्रभान पुटपुटला.

"वाका." तो वाकला. तिने बोट टेकवलं. "काल बाबा देवळात गेले. नमन होईपर्यंत जागे होते. शाब्बास."

तिच्या बोलण्यात टिंगल नव्हती. मागे अकरा पोरं हात जोडून उभी होती, त्यांच्यातही नव्हती. आणि कपाळावर ते इवलंसं बोट लागताच चंद्रभानला पोटातून असं काही वाटलं की आज रात्री निदान अभंगाचा पहिला चरण तरी गाठावा.

त्याने गाठला. तिसऱ्या दिवशी निरूपण सुरू होईपर्यंत जागा राहिला, चौथ्या दिवशी बुवांना हार घालेपर्यंत. रोज सकाळी गोपिका तेवढंच सांगे, एक शब्द जास्त नाही. पाचव्या दिवशी आख्यानात राजा वनात शिरला. सहाव्या दिवशी राजा परत निघाला आणि वाटेत चंद्रभान घोरला. नत्थू बसमध्ये सगळ्यांना सांगू लागला की आज भाऊ कुठवर पोचले.

सातव्या रात्री अख्खी गल्ली कीर्तन कमी आणि चंद्रभानला जास्त पाहत होती. गणपतराव एक हात मांडीवर तयार ठेवून बसले होते. साडेआठ गेले, नऊ गेले, साडेनऊ गेले. बुवांनी शेवटचा गजर धरला तेव्हा चंद्रभान उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं. आरती झाली. बुवांनी चिपळ्या मारुतीपुढे ठेवल्या. चंद्रभानने पाय धरले. "बुवा, पुरं ऐकलं."

"कोणी जागवलं?" बुवांनी त्याच्या कपाळी बुक्का लावत विचारलं.

"ज्या पोरीले झोपवलं, तिनंच," तो म्हणाला.

घरी आला तेव्हा गोपिका आपल्या चटईवर एकटी, शांत झोपली होती. तो आपल्या अंथरुणावर पडला. कीर्तन कानात घुमत होतं. एक वाजला, दीड वाजला. झोप काही येईना.

सकाळी गोपिका जागी झाली तर बाप तिच्या चटईच्या काठावर मुटकुळं करून झोपलेला, आणि तिची बोटं त्याने आपल्या उजव्या कानाला लावून घेतलेली. तिने हात हळूच सोडवला. डबी आणली. ओसरीवर पोरं जमली होती, नत्थूही होता. डोळे चोळत आलेला बाप वाकला.

"काल बाबा पुरं कीर्तन जागले," गोपिका म्हणाली. मग थोडं थांबली, कारण खरं ते सगळं सांगायचं होतं. "अन् कान एकदाच मागितला. शाब्बास."